चार दिवस आणि एक रानडुक्कर

पहिला दिवस

वर्ध्याहून सकाळच्या गाडीनं नागपूर, तिथून साकोलीची एसटी. भंडारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, मधूनच एखादं मालगुजारी तळं आणि त्यात एका पायावर उभे बगळे. जानेवारीत पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत यायचं ते दोन गोष्टींसाठी, असं माझी ताई म्हणते. दिवसा पट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ॲड्रेनलिनचा, म्हणजे घाबरल्यावर रक्तात उतरणाऱ्या संप्रेरकाचा, भाग आला की फळ्यावर मूत्रपिंड काढते, त्याच्या डोक्यावर गांधीटोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी बसवते, पोरं हसतात, मी पुढच्या ग्रंथीकडे वळते. वीस वर्षं हेच चाललंय. या चार दिवसांत त्या टोपीनं माझा चांगलाच हिशेब चुकता केला.

शंकरपट गावाबाहेरच्या बांध्यांमध्ये भरला होता. बांधावर माणूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणूस, मोहाच्या झाडावरही माणूस. लाखोरीच्या डाळीचे वडे कढईतून निघायच्या आत संपत होते. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एकेकाळचे नावाजलेले धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारे. आता गुडघे गेलेत, पण जोडी सुटायच्या जागेवर गेल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मलाही सोबत नेलं.

तिथे पहिल्यांदा बैल इतक्या जवळून पाहिला. जुंपलेला, सुटायच्या तयारीतला. नाकपुड्या फुललेल्या, खांद्यावरची कातडी माशी बसल्यासारखी लहरत होती, पण माशी नव्हती. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. मागे पातळ शेणाचा सडा. छकड्यावर बसलेल्या पोराची अवस्था काही वेगळी नव्हती. तो सारखा ओठांवरून जीभ फिरवत होता, कारण अशा वेळी लाळ आटते. शरीराचा हिशेब सरळ आहे. जिवाचा प्रश्न असला की पोटाला, लाळेला, पचनाला मिळणारं रक्त कमी करायचं आणि ते हातापायांच्या स्नायूंकडे वळवायचं. यकृतानं साठवलेली साखर रक्तात सोडायची, श्वासनलिका रुंद करायच्या, बाहुल्या मोठ्या करायच्या. बैल आणि धुरकरी, दोघांच्याही अंगात हेच चाललेलं.

झेंडी पडली आणि जोडी गेली. मला धुळीशिवाय काही दिसलं नाही.

"भाऊजी, भीती नव्हती वाटत?"

"भेव कायचा? झेंडी पडली का कान बंद होतेत पहा बाई. हजार लोक बोंबलतेत, मले आयकू येते ते फकस्त खुराचा आवाज. आन् संपल्यावर मंग पाय असे लटलट कापतेत का खाली उतरता येत नाही."

वर्गात सांगायला याहून चांगलं वाक्य मला आजवर मिळालेलं नाही. लक्ष एका बिंदूवर गोळा होतं आणि बाकीचं जग मेंदू सरळ बाजूला सारतो.

भाऊजींना सांगितलं की हे सगळं घडवणारं ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा वेगळं झालं ते 1901 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये, जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, आणि त्यासाठी ग्रंथी वापरल्या होत्या मेंढ्यांच्या आणि बैलांच्या. भाऊजींनी क्षणभर विचार केला. "म्हंजे बैलाचंच हाये ते," म्हणाले, आणि हा शोध त्यांना मुळीच नवा वाटला नाही.

पटाबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं, तेही सांगून टाकते. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये शर्यती बंद केल्या, राज्यानं 2017 मध्ये कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं ती कायम केली. तुतारी, म्हणजे टोचायची काठी, आता चालत नाही, पशुवैद्यकाची तपासणी लागते. हे बरंच झालं. पण धुरकऱ्याला ठाऊक असतं की हा खेळ आहे आणि तो काही सेकंदांत संपणार आहे. बैलाला हे कोण सांगणार? भाऊजींसमोर मात्र मी तोंड उघडलं नाही. त्यांच्या ओसरीत त्यांच्या शेवटच्या जोडीचा फोटो देवांच्या फोटोशेजारी आहे.

रात्री नाटक. दहाचं सांगून साडेअकराला पडदा उघडला. घोंगड्या, ब्लँकेटं, शेकोट्या, आणि खलनायकाला शिव्या घालणाऱ्या पहिल्या रांगेतल्या बाया. तीनच्या सुमाराला माझे डोळे मिटायला लागले तसं ताईचा मुलगा म्हणाला, "चल मावशी, सोडून देतो तुले." घर पाच किलोमीटर.

तळ्याच्या पाळीवरून वळण घेतलं आणि डाव्या हाताच्या बेशरमीच्या झुडपांतून रानडुक्कर बाहेर आलं.

इथून पुढे जे लिहितेय ते माझ्या आठवणीप्रमाणे. हेडलाइटमध्ये त्याच्या पाठीवरचे उभे केस. सुळा. पुढच्या पायाला लागलेला चिखल, ओला, चकाकणारा. भाच्यानं ब्रेक दाबला, गाडीचं मागचं चाक घसरलं, आम्ही दोघं आडवे झालो आणि गाडीसकट थोडे फरफटलो. डुक्कर थांबलं. ते आमच्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे. मग ते उजवीकडच्या बांधीत उतरलं आणि गेलं. मला विचाराल तर हे सगळं दोनेक मिनिटं चाललं.

मी उठले, गाडी उचलली. मी, जिला घरचं भरलेलं सिलिंडर सरकवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. मग भाच्यावर ओरडले, "दिसत नाही का तुला!" तो काही बोलला नाही, आणि एकदम हसायला लागला. मग मीही. काळ्याकुट्ट पाळीवर मध्यरात्री दोन माणसं पोट धरून हसताहेत. डुकरानं ऐकलं असेल तर त्यालाच भीती वाटली असेल.

घरी पोचल्यावर हात इतके थरथरत होते की साडीची पिन निघेना. आणि भूक लागली. शिळी भाकर आणि मिरचीचा ठेचा, पहाटे साडेतीनला.

दुसरा दिवस

सकाळी उठताना डावी मांडी हलेना. पाहिलं तर तळहाताएवढा निळा-काळा डाग, कोपर सोललेलं. रात्री हे काहीही दुखलं नव्हतं. दुखणं दाबण्याचं श्रेय लोक ॲड्रेनलिनला देऊन टाकतात, पण त्यात शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या द्रव्यांचा, एंडॉर्फिनांचा, मोठा वाटा असतो. दरदरून सुटणाऱ्या घामाचंही तसंच. तो मुख्यतः मज्जातंतू सोडवतात. ॲड्रेनलिन या वरातीतला बँडवाला आहे. आवाज त्याचाच मोठा, म्हणून सगळं लग्न त्याचंच वाटतं.

ताईनं हळद-तेलाचा लेप दिला आणि पाटावर बसवून ठेवलं. बसल्या बसल्या डोक्यात रात्रीचा चित्रपट पुन्हा पुन्हा फिरत होता, आणि दर वेळी थोडा लांबत होता. भाचा म्हणाला, "मावशी, दोन मिनिटं कायची? चार-पाच सेकंद झाले असतील." त्याचंच बरोबर असणार. 2007 मध्ये डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अघोरी वाटणारा प्रयोग केला. माणसांना 31 मीटर उंचीवरून पाठीवर, खालच्या जाळ्यात सोडलं. मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र बांधलं होतं. काळ खरंच मंदावत असेल तर ते आकडे वाचता यायला हवे होते. कोणालाही वाचता आले नाहीत. पण आपलं स्वतःचं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के जास्त वेळ चाललेलं वाटलं. म्हणजे त्या क्षणी घड्याळ हळू चालत नाही. आठवण दाट लिहिली जाते आणि नंतर वाचायला वेळ लागतो.

गंमत अशी की ॲड्रेनलिन रक्तातून मेंदूत फारसं शिरतच नाही. ते बाहेरूनच, मेंदूला छाती-पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत दार वाजवतं, आणि आत मेंदू आपलं स्वतःचं नॉरॲड्रेनलिन सोडतो. त्या दोघांच्या दंग्यात अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग ठरवतो की हे जपून ठेवायचं. म्हणून मला डुकराच्या पायाचा ओला चिखल आठवतो आणि त्याच रात्रीच्या नाटकाचं नावसुद्धा आठवत नाही.

दुपारी लंगडत उपकेंद्रात गेले. ताईची सून तिथे सिस्टर आहे. जखम धुताना ती म्हणाली, "मावशी, तुमचं ते ॲड्रेनलिन पाहाचं का?" आणि लसीकरणाच्या सामानातला छोटा डबा उघडला. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. आत एक मिलिलिटर, त्यात एक मिलिग्रॅम औषध. एवढंसं. लस किंवा इंजेक्शनची भयंकर ॲलर्जी होऊन घसा सुजला, रक्तदाब कोसळला तर मोठ्या माणसाला यातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. सर्पदंशाचं प्रतिविष चढवतानाही हे शेजारी भरून ठेवावं लागतं, कारण प्रतिविषाचीच प्रतिक्रिया येऊ शकते. सुनेनं कुपी उजेडात धरली. "रंग आला का फेकाचं. गुलाबी, चाकलेटी झालं का गेलं ते." मला वीस वर्षांत कुपी हातात घ्यायची वेळ आली नव्हती. पाण्यासारखं स्वच्छ होतं.

तिनंच विंचवाचा विषय काढला. लाल विंचवाचं विष उलटं काम करतं. ते बाहेरून ॲड्रेनलिन आणत नाही, आपल्याच शरीराकडून हा सगळा साठा एकदम ओतून घेतं. घामाच्या धारा, गार पडलेले हातपाय, उलट्या, चढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून दाखवलं, आणि त्यानं कोकणातले कितीतरी जीव वाचले. जे द्रव्य एका कुपीत जीव वाचवतं, तेच जास्त झालं की मारतं. सुनेला हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिनं दोन्ही बाजू टेबलावर पाहिल्या आहेत.

तिसरा दिवस

साकोलीहून लाखांदूर, वडसा, ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या अलीकडे ताईच्या नणंदेचं गाव. भाच्याच्या मित्राची चारचाकी होती. मोटारसायकलीला मी साफ नकार दिला. नुसता तिचा आवाज आला तरी पोटात गोळा येत होता. रस्ता चांगला, सांगण्यासारखं काही नाही. वडशाच्या पुलावरून वैनगंगा सुंदर दिसते.

हा सगळा पट्टा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, वाघ आणि माणूस एकाच पायवाटेवर असलेला. कुंपणाच्या आतला वाघ नव्हे. धानाच्या बांधीतला, गावतळ्यावरचा, सरपणाच्या वाटेवरचा.

नणंदबाई बोलक्या. त्यांच्या शेजारीण सांजेला चहाला आल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी गेल्या हंगामात वाघ पाहिला होता, गवत कापताना, अंगणापासून विहिरीइतक्या अंतरावर. मी शिक्षिका म्हणून विचारलं, पळालात का?

"कुठचं पळता बाई. पाय मातीत गाडले असे झाले. बोंबलीन म्हटलं त आवाजच निंगे ना."

पुस्तकात वॉल्टर कॅनन भेटतो, हार्वर्डचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं मांडलेलं 'लढा किंवा पळा' आम्ही पोरांकडून घोकून घेतो. तिसरं, थिजून जाणं, त्याकडे पुस्तक जेमतेम वळतं. आणि खरं तर पुष्कळदा तेच पहिलं येतं. हललात तर दिसाल, हे शरीराला आपल्या आधी कळतं. वाघ गेला. बाई घरी आल्या, चूल पेटवायला घेतली.

"काडी पेटे ना मायबाई. अर्धी पेटी संपली. पेटवाची तिकडं, हात जाये इकडं."

अशा वेळी मोठ्या स्नायूंना जोर चढतो आणि बोटांची नाजूक कामं बिघडतात. माझी साडीची पिन, त्यांची आगकाडी.

पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते माझ्या डागासारखं आठवड्यात पिवळं पडून जाणारं नव्हतं. आजही पहाटे तीनला जाग येते. मांजरानं पान हलवलं तरी छाती धडधडते. गवताला जावंच लागतं, म्हैस घरी आहे. रक्तातल्या ॲड्रेनलिनचं आयुष्य मिनिटांचं असतं. दोन-तीन मिनिटांत निम्मं संपतं. त्याच्या मागून हळूहळू येतं ते कॉर्टिसॉल, ताणाचं दुसरं संप्रेरक, आणि तेही एका वाघापुरतंच असेल तर शरीर झेलतं. पण रोजच वाघ असेल, किंवा असू शकत असेल, तर ही यंत्रणा बंद व्हायला विसरते. झोप जाते, रक्तदाब वर राहतो, साखर बिघडते, साधी वाऱ्याची झुळूकही मेंदू धोक्याच्या खात्यात टाकतो. बाईंनी चहा बशीत ओतला. बशी अजिबात हलत नव्हती. मी ते उगाचच पाहत बसले.

जाताना त्यांनी विचारलं, "उद्या तुमी वाघ पाहाले जाता म्हने? पैसे देऊन?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

चौथा दिवस

पहाटे ताडोबा, कोलारा गेट. हे आरक्षण भाच्यानं दोन महिने आधी करून ठेवलं होतं आणि मावशीला वाघ दाखवायचाच असा त्याचा पण होता. उघड्या जिप्सीत थंडी अशी की कानाला पकडून कोणी ओढतंय. सोबत नागपूरचं एक नवं लग्न झालेलं जोडपं, आणि गाइड शेजारच्याच गावचा तरुण.

ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखावरून आलं म्हणतात. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव केलं, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. म्हणजे इथला मूळ देव वाघाला पाहून पळून न गेलेला माणूस आहे.

दोन तास काही नाही. मोर, गवे, मगरीची पाठ. मग कुठूनतरी सांबराचा एकच मोठा ठोका, 'पोंक'. पाठोपाठ चितळाचा कर्कश स्वर. गाइडनं हात वर केला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. जंगलात एका प्राण्याच्या अंगातलं ॲड्रेनलिन दुसऱ्याच्या कानात असं पोचतं.

वाघीण बांबूतून आली आणि रस्त्यावरून आमच्याच दिशेनं चालत राहिली. बावीस-पंचवीस फुटांवर येऊन बाजूनं निघून गेली. आमच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि हे जरा मनाला लागलं. तिचे पंजे धुळीत काहीच आवाज करत नव्हते. भाच्याच्या मनगटावरच्या घड्याळात नाडी 131. त्यानं ते माझ्या हातात चढवलं, तोवर वाघीण झाडीत शिरली होती, तरी माझी 118. नव्या नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिनं नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला होता की त्याची बोटं पांढरी पडलेली.

डुकरासमोरची आणि वाघिणीसमोरची धडधड, छातीला यात काही फरक कळला नसेल. 1962 मध्ये शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना जीवनसत्त्वाचं सांगून ॲड्रेनलिन टोचलं होतं आणि प्रत्येकाच्या खोलीत एक सोंगाड्या बसवला, कुठे खिदळणारा, कुठे चिडणारा. धडधड कशाची हे ज्यांना सांगितलं नव्हतं ते सोंगाड्याच्या मूडकडे झुकले, असा त्यांचा निष्कर्ष. नंतर हाच प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या हाती तितकं स्पष्ट काही लागलं नाही. तरी पाळीवर आधी ओरडणारी आणि मग खिदळणारी मी, मला तो पटतो. शरीर ढोल वाजवतं. लग्नाचा की मयतीचा, ते आजूबाजूला बघून ठरतं.

गाइड एकटाच शांत होता. खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, तुला काहीच होत नाही का रे?

"गाडीत नाही होत मॅडम. गाडीत बसलो का माहीत असते, हे पाहाची गोष्ट हाये." मग गेटवर टिप खिशात घालता घालता त्यानं फोन लावला. आईला. "गवताले एकटी गेली होती का? किती खेपा सांगतलं." पलीकडून काही उत्तर आलं असावं. तो फोन कानाला लावून बराच वेळ नुसता उभा होता, आणि आता त्याचा अंगठा जॅकेटच्या चेनशी खेळत होता, वर-खाली, वर-खाली.

चिमूरला उतरून आलुबोंडे आणि तर्री खाल्ली. मी चार खाल्ले. भाचा टपरीवाल्याला पाळीवरची हकिकत सांगत होता, आणि त्यात डुक्कर आता गाडीवर धावून आलं होतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि थांबले. धावून आलं होतं का? ते उभं राहिलं होतं एवढं मला पक्कं आठवतं. पण मला दोन मिनिटंही पक्कीच आठवत होती.

उमरेडमार्गे नागपूर, रात्री वर्धा. पिशवी ठेवतेय तोच ताईचा फोन. "पोचली का? मांडी कशी हाये? आन् काय गं," तिनं आवाज खाली आणला, "पोरगा म्हनते ते दोन होते म्हने?"